जुन्या पिढीचे हाऊसिंग बसवल्यावर पिकअपचा क्रॉस वारंवार का तुटतो?

तक्रार बहुधा एकाच साच्यात येते. हंगामाच्या भरात पिकअपचे क्राऊन-पिनियन (मागची चाके फिरवणारी दातेरी चाकांची जोडी) तुटते, नवा संच महाग पडतो म्हणून भंगार बाजारातून जुन्या गाडीचे अख्खे हाऊसिंग (ही जोडी आणि मागचे एक्सल ज्यात बसतात ते आवरण) आणले जाते, ते पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) बांधणारे यू-बोल्ट कसले जातात, ब्रेकचा पाइप जोडला जातो आणि संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा रस्त्याला लागते. आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही. मग ताशी ५० च्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरू लागतो, महिन्याभरात प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून हाऊसिंगपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, जातो, नवा टाकला की तोही जातो आणि मध्येच कधीतरी शाफ्टच्या दोन तुकड्यांना मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटते. तिसऱ्या क्रॉसला मालक दुकानदाराशी भांडतो आणि चौथ्याला मिस्त्री बदलतो. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात माझे गॅरेज आहे आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की अशी एखादी गाडी माझ्या दारात उभी राहतेच. त्यांपैकी एका गाडीच्या निमित्ताने हा दोष कसा शोधावा आणि कसा काढावा, हे येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

ही पिकअप २०१८ सालची, म्हणजे बीएस ४ (प्रदूषणाच्या ‘भारत स्टेज’ नियमांचा चौथा टप्पा) ची होती. मालक स्वतःच गाडी चालवतात. रात्री बागेतून संत्रा भरून काटोलमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात जायचे आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परतायचे, असा त्यांचा क्रम. पावसाळ्याच्या अखेरीस गाडी पांदणीत फसली. काळ्या मातीत एक चाक गरगर फिरत होते, त्याच्याखाली दगड आणि गेल्या सालच्या पऱ्हाट्या कोंबल्या, आणि फिरत्या चाकाने एकदम पकड घेतली तेव्हा पिनियनचे दात गेले. आमच्या भागात क्राऊन-पिनियन तुटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे; भरलेल्या ओझ्याने दात जितके तुटत नाहीत, तितके या अचानक बसणाऱ्या झटक्याने तुटतात. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांनी त्याच नावाच्या, पण बीएस ३ च्या काळातील पिकअपचे हाऊसिंग बसवून घेतले. चाकांचे स्टड जुळले, ड्रम जुळले, हँडब्रेकची केबल थोडी ओढून बसली. ‘फक्त शाफ्टच्या फ्लँजची भोकं जराशी मोठी करा लागली,’ असे त्यांनी मला सहज सांगितले (फ्लँज म्हणजे शाफ्ट आणि हाऊसिंग बोल्टांनी जोडणारी चकती). माझ्या दृष्टीने तपासाची सुरुवात त्याच वाक्यापासून झाली.

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत तीन क्रॉस आणि दोन सेंटर बेअरिंगे गेली होती. शाफ्ट एकदा नागपूरला नेऊन बॅलन्सही करून आणला होता. ‘भाऊ, क्रॉसच डुप्लिकेट येऊन राहिले,’ हे त्यांचे निदान होते. बाजारात नकली क्रॉस येतात हे खरे आहे, परंतु तीन वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले तीन क्रॉस एकाच जागी, म्हणजे पिनियनकडच्या टोकाला, आणि जवळजवळ सारख्याच अंतरानंतर जात असतील, तर दोष क्रॉसमध्ये शोधणे व्यर्थ असते. पुढचा क्रॉस मूळचाच होता आणि तो ठणठणीत होता.

पिढी म्हणजे नेमके काय

गाडीचे नाव, केबिनचा आकार आणि दिवे सारखे असले की लोक तिला एकच गाडी समजतात. प्रत्यक्षात प्रदूषणाच्या नियमांनी पिढ्या पाडल्या आहेत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले. इंजिन बदलले की त्याची ताकद कोणत्या फेऱ्यांवर मिळते तेही बदलते, आणि मग उत्पादकाला गिअरचे आणि हाऊसिंगचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते), शाफ्टची लांबी, फ्लँज, कधीकधी पाट्यांचे आधारही बदलावे लागतात. शिवाय एकाच सालात कमी वजनाची आणि जास्त वजनाची अशा दोन प्रकारच्या पिकअप निघतात आणि त्यांची हाऊसिंगे वेगळी असू शकतात. त्यामुळे भंगारवाल्याच्या ‘जुना मॉडेल’ आणि ‘नवा मॉडेल’ या दोन शब्दांवर भिस्त ठेवून सुटा भाग घेणे म्हणजे केवळ गावाच्या नावावरून सोयरीक जुळवण्यासारखे आहे.

थरथर कोणाची, हे आधी ठरवावे

गाडी घोडीवर (लोखंडी टेकूवर) चढवण्याआधी रस्त्यावर चालवून पाहावी. सपाट रस्त्यावर ताशी ६० चा वेग घ्यावा आणि गाडी न्यूट्रल करून तशीच वाहू द्यावी. थरथर त्याच क्षणी नाहीशी झाली, तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाचे माउंटिंग यांच्याकडे आधी पाहावे. तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागच्या भागात, म्हणजे शाफ्ट, हाऊसिंग किंवा चाकांत आहे. चाक आणि शाफ्ट यांतला फरक थोड्या हिशेबाने कळतो. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पिकअपच्या चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर धरला, तर चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते आणि हाऊसिंगचे गुणोत्तर साडेचारच्या आसपास असेल तर शाफ्ट सुमारे ३२ फेरे घेतो. चाकाचा दोष त्यामुळे हलल्यासारखा, जवळजवळ मोजता येईल असा जाणवतो. शाफ्टचा दोष झिणझिणीसारखा येतो आणि मोजता येत नाही. क्रॉसच्या कोनाचा दोष शाफ्टच्या दर फेऱ्यात दोनदा उमटतो, म्हणून तो घुमल्यासारखा, आणखी बारीक असतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की कमी-जास्त होतो. शाफ्टच्या असंतुलनाला मात्र पाय कोठे आहे याने फारसा फरक पडत नाही.

या गाडीत दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले होते आणि म्हणूनच आधीच्या मिस्त्रीची दिशाभूल झाली असावी. मालकांनी मात्र नकळत सर्वांत उपयोगी माहिती दिली. ते म्हणाले, ‘रिकामी असली का जास्त थरथरते, माल भरला का मंग जराशी चूप राहते.’ बॅलन्सिंगचा दोष भरलेली आणि रिकामी गाडी ओळखत नाही. कोनाचा दोष ओळखतो, कारण माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते आणि शाफ्टचा उतार कमी होतो. रिकाम्या गाडीत थरथर वाढत असेल, तर कोन मोजल्याशिवाय एकही नवा सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोनाचा दोष: क्रॉस इथेच मरतो

शेतकऱ्याला हा दोष समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याने तो ट्रॅक्टरवर रोज ऐकलेला असतो. रोटाव्हेटर चालू ठेवून वर उचलला की पीटीओच्या (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या) शाफ्टमधून खडखड सुरू होते. क्रॉस सरळ रेषेत असेल तर फिरणे जसेच्या तसे पुढे जाते. कोनात असेल तर पुढची बाजू एकसारखी फिरत असूनही मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. हा चढउतार ४ अंशांच्या कोनात सुमारे पाव टक्का असतो, तर ९ अंशांच्या कोनात सुमारे सव्वा टक्का होतो. कोन दुपटीने वाढला तर दोष चौपट होतो, असे ढोबळमानाने समजावे. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असण्यामागचे मर्म इथेच आहे: पहिला क्रॉस जी असमानता निर्माण करतो ती दुसऱ्याने उलट बाजूने पुसून टाकायची असते. त्यासाठी दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका पातळीत हवेत. यांपैकी एक अट मोडली, की उरलेली असमानता क्रॉसच्या बेअरिंगमधील सुया, सेंटर बेअरिंगचे रबर आणि पिनियनचे बेअरिंग यांना सोसावी लागते.

कोन मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मोबाइलमधील पातळी दाखवणारे ॲप किंवा चुंबक लावलेला लहान कोनमापक पुरतो. गाडी सपाट जागेवर, चाकांवरच उभी असावी. हाऊसिंग जॅकने किंवा चेसिस घोडीने उचलून घेतलेले माप फसवे असते, कारण पाटे लोंबले की सगळेच कोन बदलतात. आधी शाफ्टच्या पुढच्या तुकड्याचा उतार घ्यावा, मग सेंटर बेअरिंगपासून पिनियनपर्यंतच्या मागच्या तुकड्याचा आणि शेवटी पिनियनच्या फ्लँजच्या सपाट तोंडावरून पिनियनचा. तिन्ही मापे खडूने शाफ्टवरच लिहावीत, म्हणजे डोक्यात घोळ होत नाही.

या गाडीत पुढचा तुकडा मागे २ अंशांनी उतरत होता आणि मागचा तुकडा ६ अंशांनी. म्हणजे मधल्या क्रॉसवर ४ अंशांचा कोन पडत होता. पिनियन पुढच्या तुकड्याला समांतर, म्हणजे त्याच दिशेने २ अंशांच्या उतारावर असता, तर मागच्या क्रॉसवरही ४ अंशच आले असते आणि हिशेब मिटला असता. पण जुन्या हाऊसिंगवर पाट्यांच्या बैठका ज्या कोनात वेल्ड केलेल्या होत्या, त्या जुन्या गाडीच्या पाट्यांसाठी होत्या. तिथे पाट्यांच्या पुढच्या आणि मागच्या आधारांची उंची वेगळी होती. नव्या गाडीच्या पाट्यांखाली तेच हाऊसिंग आले तेव्हा पिनियनचे नाक वर राहण्याऐवजी ३ अंशांनी खाली झुकले. मागच्या क्रॉसचा कोन ६ अधिक ३, म्हणजे ९ अंश झाला. एका टोकाला ४ आणि दुसऱ्याला ९. अशा जागी कोणत्याही कंपनीचा क्रॉस टाकला तरी त्याचे आयुष्य ठरलेलेच होते.

यू-बोल्ट कसून गाडी सोडणाऱ्या मिस्त्रीला हे दिसत नाही, कारण डोळ्यांनी ९ अंश आणि ४ अंश यांतला फरक गाडीखाली झोपून ओळखता येत नाही. मलाही येत नाही, मी मोजतो.

फ्लँजची मोठी केलेली भोके

दुसरा दोष मला कोन मोजण्याआधीच अपेक्षित होता. जुन्या हाऊसिंगच्या फ्लँजचे बोल्ट नव्या शाफ्टच्या भोकांशी जुळत नव्हते, म्हणून शाफ्टच्या योकची भोके लंबगोल करून बोल्ट घातले होते. पुष्कळ मिस्त्री असे समजतात की शाफ्टला मध्यावर धरून ठेवण्याचे काम बोल्ट करतात. तसे नाही. फ्लँजच्या मध्यभागी जी गोल कड असते, तिच्यावर समोरचे तोंड घट्ट बसते आणि तीच शाफ्टला मध्यावर ठेवते. बोल्ट फक्त दाबून धरतात. या दोन पिढ्यांच्या कडांचे व्यास वेगळे होते, त्यामुळे शाफ्ट कडेवर बसलाच नव्हता, नुसता बोल्टांवर टांगलेला होता आणि जिथे बोल्ट आधी आवळले त्या बाजूला सरकलेला होता.

मी दोन्ही मागची चाके उचलली, हाऊसिंगखाली घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना दगड दिले, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. डायल गेजवर पिनियनच्या टोकाशी शाफ्ट जवळजवळ १ मिलिमीटर हेलकावत होता. डायल गेज नसेल, तर जमिनीवर घट्ट उभ्या केलेल्या सळीचे टोक शाफ्टच्या अगदी जवळ आणावे आणि शाफ्ट फिरवताना मधली फट कशी कमी-जास्त होते ते पाहावे. फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. इंजिन चालू करून फिरत्या शाफ्टजवळ खडू धरण्याची जी जुनी पद्धत आहे, ती कृपया वापरू नये.

नागपूरला केलेले बॅलन्सिंग वाया का गेले, हेही यातून उलगडते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर शाफ्ट त्याच्या स्वतःच्या मध्यावर धरला जातो आणि तिथे तो निर्दोष ठरतो. गाडीवर तो दुसऱ्याच मध्यावर फिरत होता. शाफ्ट खोलून पुन्हा जोडणाऱ्याने आणखी एक चूक करण्याचा संभव असतो: सरकत्या जोडाच्या स्प्लाइनमध्ये (लांबट खाचांच्या दात्यांमध्ये) तो एक-दोन दाते पुढे-मागे बसवला, तर दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत. खोलण्यापूर्वी दोन्ही बाजूंना छिन्नीची बारीक खूण करावी. या गाडीत ती चूक झालेली नव्हती, हे आधीच्या मिस्त्रीच्या बाजूने नमूद करायला हवे.

गुणोत्तर, आणि मायलेज वाढल्याचा भास

मालकांची तक्रार थरथरीचीच होती. बाकी हाऊसिंगवर ते खूशच होते. गाडी ओढायला हलकी झाली आणि मायलेजही अर्धा किलोमीटर वाढले, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. हे ऐकताच मी गुणोत्तर तपासले.

हाऊसिंग न उघडता गुणोत्तर काढण्याची रीत अशी आहे. गिअर न्यूट्रलला ठेवून एकच मागचे चाक उचलावे, दुसरे जमिनीवर पक्के राहू द्यावे. उचललेल्या चाकावर आणि शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारावी. चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजावे. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, म्हणून शाफ्टचे फेरे हेच गुणोत्तर होय. अधिक बिनचूक आकडा हवा असेल तर चाक वीस फेरे फिरवून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागावे. जुन्या हाऊसिंगचे गुणोत्तर पाचाच्या थोडे वर आले. नंतर उघडल्यावर क्राऊनला ४१ आणि पिनियनला ८ दाते निघाले, म्हणजे ५.१२५. मालकांनी घरी ठेवलेल्या मूळ हाऊसिंगमध्ये ४१ आणि ९ होते, म्हणजे ४.५५६.

आता भास कसा झाला ते पाहू. या गाडीच्या मीटरला वेगाची खबर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून मिळत होती. त्याच वेगाला शाफ्ट आता साडेबारा टक्के जास्त फिरत होता, म्हणून मीटरही साडेबारा टक्के जास्त दाखवत होता. मीटरवर ६० असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ५३ ने धावत होती, आणि १०० किलोमीटर चालल्यावर मीटरवर ११२.५ पडत होते. त्यांचे जुने मायलेज १२ चे, नवे मीटरप्रमाणे १२.५ चे, मीटरची चूक वजा केली की ते ११.१ उरते. म्हणजे डिझेल जास्त जळत होते आणि मालक समाधानी होते. इंजिनही प्रत्येक वेगाला साडेबारा टक्के जास्त फेरे घेत होते, हे वेगळेच. ओढ वाढली, हे मात्र खरे होते. ज्याची गाडी फक्त बाग ते गावातला संत्रा मोंढा एवढीच फिरते, त्याला कदाचित हा सौदा परवडेल. रोज रात्री नागपूर गाठणाऱ्याला परवडत नाही.

ज्या नव्या गाड्यांत वेगाची खबर चाकांवरच्या एबीएसच्या सेन्सरकडून घेतली जाते, तिथे मीटर बरोबर राहतो. परंतु तिथे इंजिनाचे फेरे, निवडलेला गिअर आणि चाकांचा वेग यांचा मेळ बसत नाही, आणि कंट्रोल युनिटला तो घोळ जाणवू शकतो. चारही चाकांना ओढ देणारी गाडी असेल, तर पुढचे आणि मागचे गुणोत्तर वेगळे ठेवून ती कधीही चालवू नये. कडक रस्त्यावर फोर-व्हील टाकताच दोन्ही हाऊसिंगे एकमेकांविरुद्ध पीळ भरतात आणि काहीतरी तुटल्याशिवाय तो पीळ सुटत नाही.

काय केले

संत्र्याची तोड ऐन भरात होती आणि मालकांना गाडी आठवडाभर उभी ठेवणे शक्य नव्हते. म्हणून काम दोन टप्प्यांत केले. तात्पुरता उपाय म्हणून पाटे आणि बैठक यांच्यामध्ये ३ अंशांच्या पोलादी पाचरी टाकल्या. पाटे हाऊसिंगच्या वर असल्यामुळे पिनियनचे नाक वर उचलण्यासाठी पाचरीची जाड बाजू मागे ठेवावी लागते. उलटी बसवली तर दोष वाढतो, आणि ही चूक मी दुसऱ्यांच्या कामात पाहिली आहे. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका अधिक लांब घ्यावा, कारण त्याचे डोके बैठकीच्या भोकात पूर्ण उतरले नाही तर ब्रेक मारताना हाऊसिंग पाट्यांवर मागे-पुढे सरकते. यू-बोल्ट नवे घालावेत आणि दोन-तीन खेपा झाल्यावर पुन्हा कसावेत. मागच्या क्रॉसचा कोन त्यामुळे ९ वरून ६ वर आला. पूर्ण ५ अंशांची पाचर टाकून हिशेब जुळवता आला असता, पण रोज पूर्ण माल वाहणाऱ्या गाडीच्या पाट्यांखाली इतकी उभी पाचर मला पटत नाही. बैठका कापून नव्या कोनात वेल्ड करण्याचा सल्लाही काही जण देतात. वेल्डिंगच्या उष्णतेने हाऊसिंगची नळी वाकते आणि मग एक्सलचे बेअरिंग व ऑइल सील जाऊ लागतात, म्हणून तो मार्ग मी धरला नाही.

फ्लँजसाठी लेथवर एक पोलादी रिंग कातून घेतली, जी आतून जुन्या कडेवर आणि बाहेरून नव्या योकमध्ये घट्ट बसते. लंबगोल झालेल्या भोकांचा योक मात्र फेकून दिला. हेलकावा डायल गेजवर जवळजवळ दिसेनासा झाला. मालकांनी गाडी त्याच रात्री भरून नेली आणि पहाटे फोन करून सांगितले की झिणझिणी गेली, थोडी घुमघूम आहे. ती ६ आणि ४ मधल्या फरकाची होती आणि ती राहणारच होती.

कायमचा उपाय दीड महिन्याने झाला. मूळ हाऊसिंग त्यांच्या गोठ्यात पडून होते; त्याची नळी सरळ होती, बैठका योग्य होत्या आणि तुटलेले फक्त क्राऊन-पिनियन होते. नवा ४१/९ चा संच आणून तो त्यातच बसवला. पहिल्याच दिवशी हे केले असते तर तीन क्रॉस, दोन बेअरिंगे, बॅलन्सिंग आणि जुने हाऊसिंग या सगळ्यांचा खर्च वाचला असता, आणि तो खर्च नव्या संचाच्या किमतीपेक्षा फार कमी भरला नव्हता. हाऊसिंग शाबूत असेल तर ते बदलू नये, त्यातले दाते बदलावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचे क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचे पिनियन, दाते मोजून बरोबर असले तरी, एकत्र लावू नयेत. ती जोडी आयुष्यभर रडते. दात्यांवर निळा रंग लावून फिरवावे आणि ठसा दात्याच्या मध्यावर पडतो की नाही ते पाहावे. दोघांमधील ढिलाई बहुतेक हलक्या गाड्यांत ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण त्या संचासाठी दिलेला आकडाच पाळावा. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चुरगळणारी नळी असेल तर ती दरवेळी नवी घालावी. एकदा दबलेली नळी पुन्हा ताण धरत नाही, आणि महिन्याभराने पिनियनचा नट ढिला होऊन आवाज सुरू होतो. हाऊसिंगमध्ये जीएल ५ दर्जाचे गिअर ऑइल लागते, कारण पिनियनचे दाते क्राऊनवर सरकत जुळतात आणि साधे तेल त्या दाबाखाली टिकत नाही. उरलेले तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची सवय मात्र वाईट आहे. गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना त्यातील काही रसायने हळूहळू खातात, म्हणून तिथे उत्पादकाने जीएल ४ सांगितले असेल तर जीएल ४ च घालावे.

गिअरबॉक्स बदलणाऱ्यांसाठी

गिअरबॉक्सची अदलाबदल हाऊसिंगपेक्षा कमी वेळा होते आणि तिचे दोष लवकर उघड होतात, म्हणून थोडक्यात लिहितो. भंगारात जाताना आपली जुनी क्लच प्लेट सोबत न्यावी आणि ती समोरच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घालून पाहावी. स्प्लाइनचे दाते मोजण्यापेक्षा ही खात्री अधिक चांगली. शाफ्टचे पुढचे टोक फ्लायव्हीलमधल्या छोट्या बेअरिंगात शिरते, त्या टोकाचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजावी. टोक लांब असेल तर बेल हाऊसिंग (क्लचवर बसणारे गिअरबॉक्सचे पुढचे आवरण) टेकण्याआधीच ते आत रुतते, आणि बोल्ट कसून ते बळेच आत ढकलणाऱ्यांना काही दिवसांतच पहिल्या बेअरिंगचा आवाज ऐकू येतो. बेल हाऊसिंगची जुळणी अचूक ठेवणाऱ्या दोन डोवेल पिना जागेवर आहेत का, हे अवश्य पाहावे. पिना गिअरबॉक्स चढवताना अडतात म्हणून काढून टाकलेल्या मी अनेक गाड्यांत पाहिल्या आहेत, आणि मग क्लच प्लेटचे मधले रिव्हेट वारंवार तुटतात. मालक पुन्हा प्लेटलाच दोष देतो. जुन्या गिअरबॉक्सला मीटरची केबल आणि नव्याला विजेचा सेन्सर, असाही फरक असतो. बीएस ६ च्या गाडीत न्यूट्रलचा किंवा रिव्हर्सचा स्विच न जुळणाऱ्या जोडाचा निघाला, तर वायर कापून जोडण्याऐवजी स्विचच बदलावा.

इंजिनाला हात लावण्याचा विचार असेल तर बाब वेगळी होते. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक असतो, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी. हाऊसिंग आणि गिअरबॉक्स बदलताना निदान खरेदीची पावती जपून ठेवावी, कारण भंगारातल्या सुट्या भागाचा मूळ मालक कोण, हा प्रश्न कधीही उभा राहू शकतो.

ही गाडी आता मृग बहाराची तोड संपवून तेल बदलण्यासाठी आली होती. क्रॉसला ग्रीस देताना मी पुन्हा कोन मोजले. दोन्ही टोकांना ४ अंश होते. काढलेले जुने हाऊसिंग माझ्याच गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने ‘४१/८, बीएस ३, पिनियन खाली’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, कारण मागच्याच आठवड्यात २०१९ च्या पिकअपसाठी कोणीतरी त्याची किंमत विचारून गेले.